धडा

नाझनीन मुजावर, फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला.
मांडीवर पॅड, पॅडवर एकोणचाळीस प्रश्न,
प्रत्येकापुढं पाच चौकोन:
कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमी.
"मागच्या महिन्याभरातलंच सांगायचं हं, काका."

मी एकतीस वर्षं मार्केट यार्डात मापाडी.
गुळाचा रवा काट्यावर चढायच्या आधी
त्याचं वजन माझ्या पिंढरीला कळायचं.
म्हणून एवढंच विचारतो, पोरी,
काटा शून्यावर आणलास का?

शर्टाची बटणं लावताना त्रास?
कधीकधी.
म्हणजे दहाला गोळी घेतली तर अकराला पटापटा,
एकला विचारशील तर शर्टच नको.
तू आलीस अकराला.
मोजतेस ते मला की गोळीला,
हे कडेला कुठंतरी लिही.

चारचौघांत लाज वाटते?
कधीच नाही, म्हणालो.
आतून मालूचा आवाज, "नेहमी लिही गं, बाळ."
मग गंगावेशीचं निघालं.
म्हशीचं धारोष्ण दूध, ग्लासावर फेस,
ओठापर्यंत येईस्तोवर निम्मं सदऱ्यावर,
आणि धार काढणाऱ्या पोरानं काही न बोलता
दुसरा ग्लास अर्धाच भरून दिला.
सांडल्याचं नाही, त्या अर्ध्या ग्लासाचं लागलं.
दोन वर्षं तिकडं फिरकलो नाही.
मागच्या महिन्यात हे बसत नाही.
पोरीनं पेन उचललं, परत ठेवलं.

लोकांना तुमचं बोलणं समजत नाही, असं होतं?
मी उत्तर दिलं.
"काय?" म्हणाली.
पुन्हा दिलं. "काय?"
मग दोघांनाही हसू आलं,
म्हणजे तिचं दिसलं.
माझं हल्ली तोंडापर्यंत पोचत नाही.
नातू सांगत फिरतो, आज्जा कायम रागात.

वासाबद्दल कागदात काहीच नाही.
खरं तर पहिला तोच गेला,
हात हलायच्या चार वर्षं आधी.
दिवाळी उलटलेली, यार्डात रव्यांच्या थप्प्या,
आणि मी त्यांच्यात उभा राहून हमालाला विचारलं,
नवा गूळ अजून आला नाही का रे?
त्याला वाटलं, चेष्टा.
मापायचं तर तिथून धर.

आमच्यात भांड्यातून माल आला
की आधी रिकाम्या भांड्याचा धडा करतात.
दगड, खिळे, मोडकं कुलूप,
हाताला येईल ते पलीकडच्या पारड्यात.
नाहीतर भांडंच मालाच्या भावानं जातं.
एकटं वाटतं का, याला मी बऱ्याचदा म्हणालो.
त्यात ह्या रोगाचं किती
आणि बांधावरून बोलणं सोडलेल्या धाकट्या भावाचं किती?
ते तर अठरा वर्षांचं भांडं.
आधी धडा कर, मग माझं वजन घे.
ती बघत राहिली.
तिला धडा म्हणजे शाळेतला ठाऊक.

शेवटी सही.
सौदापट्टीवर माझी सही म्हणजे
काना ताणलेला, आकड्यांवर पाय देऊन जाणारी.
आता गुळाचा माग लागलेल्या मुंग्या,
कागदाच्या कोपऱ्यात दाटीनं गेल्या.

तिला सोडायला उठलो
आणि उंबऱ्यापाशी पाय धरले,
पाकात रुतल्यासारखे.
पोरगी हात द्यायला धावली.
"थांब," मालू म्हणाली,
आणि भाकरीचं पीठ लागलेल्या हातांनी तशीच येऊन
यार्डातल्या चालीवर तिनं हाळी दिली,
लाभ!
उजवा सुटला.
दोन. तीन.
मापाडी पहिल्या मापाला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो.
कधी शिकली कोण जाणे. यार्डात ती एकदाच आली होती,
डबा विसरलो तेव्हा.
चार. पाच.
नऊला मी गल्लीत, उन्हात.

नाझनीन पायरीवर पॅड उघडून उभी,
पेनाचं टोपण दातात.
"काका, हे कुठल्या प्रश्नात घालू?"
मी सांगितलं.
"काय?" म्हणाली.